मागं कोणी नाय

माघी गणपतीच्या मूर्तींची आखणी चालू होती. आखणी म्हणजे डोळे काढणं. आमच्या हमरापुरात माती मळणारे आणि रंग मारणारे घरोघर आहेत, डोळ्यांना मात्र ठरावीकच हात लागतात, आणि त्या वेळी मी फोन उचलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी उचलला. का, ते सांगता येणार नाही. रोह्याच्या हॉस्पिटलातून जनूभाऊची बायको, सुमनवहिनी, बोलत होत्या. "भावजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग तिथल्याच कुणाला तरी "नको, मी उभीच बरी" म्हणाल्याचं ऐकू आलं. मी कुंचला पाण्यात ठेवला. समोरच्या मूर्तीचा एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. तो एक डोळा माझ्याकडे बघत राहिला आणि मला जनूभाऊचा हॉस्पिटलातला चेहरा आठवला... तोही असाच बघत होता, पण माझ्याकडे नव्हे. माझ्या पाठीमागे कुठेतरी बघत होता.

जनूभाऊ मूळचा जिते गावचा. बाप-आजा खाडीकाठच्या मिठागरात राबलेले. हा रोह्याच्या एका कंपनीत लागला, नदीपलीकडे अष्टमीत बिऱ्हाड केलं आणि शिफ्ट करता करता रिटायर झाला. मग माणसं मंदिराच्या कमिटीत तरी जातात नाहीतर पारावर पत्ते तरी कुटतात. ह्याच्या डोक्यात वाट शिरली. पेणच्या खाडीकडची माणसं पूर्वी मिठाचा हंगाम धरण्याआधी डोंगरातल्या देवीला पायी जायची आणि तशीच खिंडीतून पलीकडे रोह्याकडे उतरायची. रस्ता झाला, एसटी आली, वाट करवंदीच्या जाळ्यांत बुडाली. जनूभाऊने ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून परत काढली आणि दर मार्गशीर्षात तिच्यावरून लोकांचे गट न्यायला लागला. पनवेल, ठाण्याहून माणसं यायची. पायांत भारी बूट, पाठीवर पाण्याची नळी. मी त्याला चिडवायचो की कंपनीत शिफ्ट भरून समाधान झालं नाही, आता लोकांचे गुडघे मोडायला निघालास. तो म्हणायचा, "तू ये रं पेंटर. वरीसभर देवाचे डोले काढतोस, एकदा देवाची वाट पन बघ." गेलो. पहिल्याच चढावर आईबाप आठवले, पण पुढच्या वर्षी पुन्हा गेलो आणि मग जातच राहिलो.

जनूभाऊ वाट दाखवणारा असून कधी पुढे चालत नसे. तो सगळ्यांच्या शेवटी. हातात आजाची काठी, तिच्या मुठीला घुंगरू बांधलेलं, सापकिरडू बाजूला व्हावं म्हणून. पुढे कितीही गप्पा चालू असोत, मागून ते घुंगरू वाजत असायचं. देवीच्या पुढची खिंड मात्र निराळी. दोन्ही बाजूंना काळा कातळ, वर साग, भर दुपारीही आत ऊन येत नाही. खिंडीत कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही आणि मागे वळून बघायचं नाही, हा जुन्या माणसांचा नेम. खिंड संपली की पुढच्यानं तसंच पाठमोरं उभं राहून विचारायचं, "मागं कोण?" शेवटच्यानं उत्तर द्यायचं, "मागं कोणी नाय." मग वाट मिटली. एकदा एक जाडेसे फोटोवाले गृहस्थ कातळाचे फोटो काढत रेंगाळले, तर जनूभाऊ म्हणाला, "हाय एक, थांबा." सगळी रांग पाठमोरी उभी राहिली. गृहस्थ धापा टाकत पुढे गेले, पुन्हा विचारणं झालं, तेव्हा कुठे वाट मिटली. मी उतरताना हसत होतो. जनूभाऊ हसला नाही. "पेंटर, मागं मानूस ऱ्हायला आनि वाट मिटली तं त्यानं जायाचं कुठनं?" मी म्हटलं, "पायांनी." 

यंदा चढावरच त्याने छातीवर हात ठेवला. खिंडीच्या खाली आदिवासी वाडी आहे. तिथल्या एका अंगणात त्याला बाजेवर निजवलं, गाडीला फोन केला, आणि गटाला वाडीतल्या वाटाड्याबरोबर पुढे पाठवलं, कारण परकी माणसं उन्हात किती खोळंबवायची. मी त्याच्यापाशी बसलो. वाडीतल्या म्हातारीने पाणी दिलं. वाटाड्याने पुढे जाऊन नेमाप्रमाणे विचारलं असणार. वरून, कातळाला आपटून, स्वच्छ ऐकू आलं, "मागं कोण?" आणि रांगेत शेवटी असलेल्या एका मुलीचा गोड आवाज, "मागं कोणी नाय!" तिची काही चूक नव्हती. सकाळी जनूभाऊनेच तिला शिकवलं होतं, शेवटच्यानं काय म्हणायचं ते. जनूभाऊने डोळे उघडले. "ऐकलास? वाट मिटली. आनि मी तं अजून हितंच." मी म्हटलं, "अरे, मीपण इथेच आहे की." तो माझ्याकडे बघत राहिला. "तू माज्या बाजूला हायस. मागं नाय." पाणी देणारी म्हातारी हे ऐकून आत निघून गेली आणि गाडी येईपर्यंत बाहेर आली नाही.

हॉस्पिटलातून तो परत आलाच नाही. तेराव्याला अष्टमीच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी मला थांबवून घेतलं. पाहुणे गेले. दिवेलागणीची वेळ. वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा गप बसा." बसलो. दाराच्या मागे खुंटीला ती काठी टांगलेली होती. पंखा बंद, वारा नाही, नदीही मुकी. आणि घुंगरू वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं... चालताना वाजतं तसं, दमलेल्या माणसाच्या चालीनं. मी उठून दार हलवून पाहिलं, खुंटी पाहिली, उंदीर शोधला. वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "रोज ह्याच येळंला. ते अजून चालतायत. पोचत नाय." मी एरवी असल्या गोष्टींची टर उडवणारा माणूस. त्या संध्याकाळी मी दार लोटून परत जागेवर येऊन बसलो. "वाट परत विचारली पायजे," वहिनी म्हणाल्या. "मी पुढं चालन. मागं तुमी."

आम्ही दोघंच गेलो. वहिनी चपला घालून पुढे, मी काठी घेऊन शेवटी. देवीला नारळ ठेवला. खिंडीत शिरलो तशी पाखरं गप्प झाली. की आधीच गप्प होती, देव जाणे. खिंड संपली. वहिनी पाठमोऱ्या थांबल्या आणि विचारलं, "मागं कोण?" मी म्हटलं, "हाय एक, थांबा." आणि काठीचं घुंगरू मुठीत घट्ट आवळून उभा राहिलो. पहिल्यांदा काहीच नाही. मग मागे सागाची वाळकी पानं मोडली. पुन्हा मोडली, जरा जवळ. माकड असेल, घोरपड असेल, मी मनाशी सगळी नावं घेतली. मानेवर गार वाटलं. माझ्या डाव्या अंगाने, वाट जिथे अगदी अरुंद आहे तिथून, पानं दबत पुढे गेली, आणि आवळलेल्या मुठीत ते घुंगरू एकदा थरथरलं.

वहिनींनी पुन्हा विचारलं, "मागं कोण?" मला बोलवेना. बोललो तर तो जाणार होता. इतक्या वर्षांत त्या चढावर माझ्या पाठीशी तो असायचा, आणि आता माझ्याच तोंडाने मी म्हणायचं होतं की कोणी नाही. वहिनी वळल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "भावजी, बोला. ह्यांना उशीर होतोय." मी म्हटलं, "मागं कोणी नाय." आणि ते खरं होतं. माझ्या पाठीमागची ती जागा इतकी रिकामी झाली की मी तिथेच खाली बसून पोरासारखा रडलो. वहिनी माझं होईपर्यंत पाठमोऱ्याच उभ्या होत्या.

काठी त्यांनी मला दिली. ती आता माझ्या मूर्तींच्या कारखान्यात, दाराच्या मागे आहे. दर दोन-चार दिवसांनी वहिनींचा फोन येतो, "वाजते काय हो?" मी म्हणतो, "नाय." त्या म्हणतात, "मग पोचले," आणि त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं वाटतं. मी खोटं बोलत नाही. घुंगरू आपण होऊन एकदाही वाजलेलं नाही. फक्त दिवेलागणीला, कामावरची पोरं घरी गेली की, मीच हात पुसून उठतो आणि ती काठी जरा हलवतो.