मोशेच्या कबरीचं कोणी लिहिलं?

याकोब गेल्याचा फोन आला तेव्हा मी अल नहदाच्या सिग्नलला अडकलो होतो. शेजारची सीट रिकामी होती, कारण छातीत दुखतंय म्हणून तो आदल्या दिवसापासून शारजाच्या हॉस्पिटलात होता. फोनवर त्याची बायको, सुलभावहिनी; आवाज अगदी शांत होता. "भावोजी, गाडी सावकाश वळवा. आता घाई करण्यासारखं काही राहिलं नाही." मी वळवली, पण त्या ट्रॅफिकमध्ये नुसतं वळायलाच केवढा वेळ गेला... आमचं निम्मं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं. त्याची बातमीही तिथंच मिळाली.

याकोब साळवे नगरकडचा, मराठी ख्रिस्ती. मी पुण्याचा, गणपतीपुरता देवभक्त. नव्वदच्या दशकात आम्ही शारजाच्या एकाच इमारतीत राहायला आलो आणि दुबईच्या अल क्वोजमधल्या एकाच गोडाऊनमध्ये नोकरीला होतो. तो स्टोअरला, मी अकाउंट्सला. जाणं-येणं माझ्या गाडीतून. सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची उपासनाही इकडे शुक्रवारी. मराठी मंडळी याकोबच्याच हॉलमध्ये जमायची. सोफा बेडरूममध्ये ढकलायचा, घडीच्या खुर्च्या मांडायच्या, लेबर कॅम्पातली पोरं इस्त्रीचे शर्ट घालून यायची. नंतर वहिनींच्या हातचं मटण. खोटं कशाला बोलू, मी त्यासाठीच जायचो. शास्त्रवाचन याकोबकडे होतं. काय वाचायचा हो! आठवडाभर गोडाऊनमध्ये ओरडून बसलेला घसा पुस्तक हातात घेतलं की मोकळा व्हायचा. वाचण्याआधी पुस्तक कोणाचं ते सांगायची तिथं रीत होती. 'मोशेचे पाचवे पुस्तक', 'पौलाचे पत्र', असं.

तिथंच माशी शिंकली. एका शुक्रवारी त्या पाचव्या पुस्तकाचा, बायबलात ज्याचं नाव नुसतं 'अनुवाद' आहे त्याचा, शेवटचा अध्याय होता. आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून आणणारा मोशे देवानं वचन दिलेला देश डोंगरावरून लांबूनच बघतो आणि तिथंच मरतो. त्याची कबर आजपर्यंत कोणाला माहीत नाही, असं त्यात येतं. याकोबनं चष्मा काढला. "मेलेला माणूस स्वतःच्या कबरीचं कसं लिहील? आणि हे 'आजपर्यंत' म्हणतंय कोण?" हा किडा त्याच्या डोक्यात बरेच दिवस वळवळत होता. सुट्टीवर गेला की तो जाड जाड पुस्तकं घेऊन यायचा, आणि त्यातलं सगळं ट्रॅफिकमध्ये मला ऐकवायचा. ते त्या दिवशी हॉलमध्ये बाहेर पडलं. ही पाच पुस्तकं एकट्या मोशेची नाहीत, कित्येक पिढ्यांच्या हातांनी ती जोडलीत. पौलाच्या नावावरची काही पत्रंसुद्धा त्याच्यामागं शिष्यांनी लिहिली असावीत, असं जाणकार म्हणतात, वगैरे. मग मंडळीतले सर्वांत वडील, थोरात अंकल, म्हणाले, "साळवे, ही पोरं उन्हात राबून इथं येतात. त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढू नका."

अंकल काही वाईट माणूस नव्हते. पण पुढच्या शुक्रवारी वाचन दुसऱ्याकडे गेलं. "एकदा सगळ्यांसमोर म्हणा, मोशेनंच लिहिलं. खलास. पुन्हा तुम्हीच वाचा," असंही त्यांनी सांगून पाहिलं. याकोबनं ते म्हटलं नाही. मंडळी मात्र सोडली नाही. खुर्च्या तोच मांडायचा आणि स्वतः मागं, किचनच्या दाराशी बसायचा. माझं डोकं फिरायचं. "हॉल तुझा, मटण तुझं आणि वाचायचं दुसऱ्यानं? हाकल की सगळ्यांना!"

"दमलोय रे," म्हणायचा. "भांडायला दम नाही, आणि खोटं बोलायलाही नाही."

तरी दर शुक्रवारी खुर्च्या मांडता मांडता वहिनींना हळूच विचारायचा, "आज कोण वाचतंय?" आपलं नाव येईल, ही आशा त्याला शेवटपर्यंत होती. इतकी वर्षं... मला अजून त्याचा राग येतो.

मग तो गाडीत वाचायला लागला. बायबल डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि मंडळी म्हणजे मी एकटा. "मला काय रे," मी म्हणायचो, "मोशेनं लिहिलं काय नि मोशेच्या मेव्हण्यानं लिहिलं काय!" तो खो खो हसायचा. एकदा ऐन ऑगस्टात, एसी नुसता घरघरत असताना, म्हणाला, "यातलं बरंचसं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, जोडलं गेलं असं म्हणतात. कैद करून तिथं नेलेली यहुदी माणसं रे. दिवसभर परक्याच्या शहरात राबायची आणि मग बसून गावाकडचं आठवायची. स्वतःचं नाव घालायचं त्राणही उरलं नसेल, घातलं मोशेचं."

"आमच्याकडे नाही का," मी म्हटलं, "कोणीतरी अभंग रचतो आणि शेवटी नाव संतांचं घालतो."

"तेच! मला तर त्यामुळं ते जास्त खरं वाटतं. आपल्यासारख्या दमलेल्यांनी लिहिलंय." गोडाऊन आलं तरी उतरायचा नाही. मी चडफडत घड्याळ दाखवलं की बोट वर करायचा, "थांब रे, एवढा अध्याय संपू दे."

त्याचा देह नगरला पाठवल्यावर पहिल्या शुक्रवारी मंडळी जमली, तर हॉलमध्ये खुर्च्याच नाहीत. कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळे भिंतीला टेकून उभे राहिले. थोरात अंकलनी स्वतः पुस्तक उघडलं. "मोशेचे पाचवे..." म्हणाले आणि थांबले. किचनच्या दाराकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अनुवाद. शेवटचा अध्याय." कोणाचं नाव न घेता त्यांनी तो वाचला. वहिनी पदर तोंडाशी धरून रडत होत्या. मला रडूही येईना. आता काय उपयोग, एवढंच सारखं मनात येत होतं.

बायबल परत द्यायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "असू दे तुमच्याच गाडीत. त्यांची सवय तिथलीच." म्हणून ते अजून कप्प्यात आहे. परवा त्याच सिग्नलला गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी ते काढलं, हाताला येईल ते पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. माझं वाचन म्हणजे सगळा अडखळण्याचा कारभार. सिग्नल कधी सुटला कळलंच नाही. मागून हॉर्न सुरू झाले, एकजण काच खाली करून "यल्ला! यल्ला!" ओरडला.

"थांब रे," मी म्हटलं, "एवढा अध्याय संपू दे."