कंपनीची मालकीण

आई गेल्यावर बाबांना एकटं ठेवायचं नाही म्हणून मी पुण्यातली नोकरी सोडून जबलपूरला परत आले. नशिबाने इथेच एका परदेशी कंपनीच्या छोट्या ऑफिसात नोकरी लागली. वर शेअरही मिळाले, तेसुद्धा तिकडच्या मूळ कंपनीचे. काही लगेच नावावर झाले, बाकीचे काही वर्षं नोकरीत टिकून राहिलं तर. एचआरवाल्या दीदींनी दोनदा समजावलं. मी मान हलवली. कळलं काय? डोंबल!

बाबा संरक्षण कारखान्यातून रिटायर झालेले, जन्मभर युनियनवाले. मालक म्हणजे गेटच्या आतला माणूस, आपण बाहेर घोषणा देणारे, एवढंच त्यांना ठाऊक.

"म्हणजे तू मालकीण झाली?"

"थोडीशी."

"मग साहेबाले काहून घाबरून राहिली?"

आता यांना काय सांगणार! मलाच कुठे ठाऊक होतं?

पण हळूहळू बाबांच्याच अंगात मालकी संचारली. दसऱ्याला ते आपला जुना पाना आणि हातोडी पाटावर मांडतात. त्या वर्षी शेजारी माझा मोबाइल ठेवला, कारण शेअर त्यातच दिसतात ना! स्पीकरमध्ये कुंकू गेलं. मी अशी भडकले! त्यांनी नुसतं फुंकर मारून पुसलं. पुढे भाव बघायला स्वतःच्या फोनवर शिकले आणि गढा बाजारातल्या भाजीवाल्यालाही सांगून आले, "भैया, बिटिया मालकिन है."

मग एका सोमवारी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. पडद्यावरचे परदेशी साहेब गोड हसत म्हणाले, तुम्ही नुसते कर्मचारी नाही, मालक आहात, तेव्हा समजून घ्याल. कंपनीच्या भल्यासाठी छोटी ऑफिसं बंद करतोय. जबलपूरचंही. आम्ही काही जणांनी तर सवयीने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा! मेलं डोकंच चालेना.

संध्याकाळी घरी पोचले तर बाबा दारातच, हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा.

"उडाला ना बेटा तुझा शेअर! सकाळपासून वरच चालला. काय केलं गं कंपनीनं?"

"इथलं ऑफिस बंद केलं, बाबा. मला काढलं."

थट्टा करायचा त्यांचा स्वभाव, पण तेव्हा चेहरा अगदी खरा होता.

"मालकीण तू," ते म्हणाले, "मग तुले काढलं कोणी?"

मी चप्पल काढायची विसरून तिथेच पायरीवर बसले. पुडा मांडीवर घेऊन तेही शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "पुण्याले कधी निघशील?"