काच बंद, इंजिन चालू

अपघात वेळा अमावस्येच्या, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवण्याच्या सणाच्या, दुपारी झाला. पुढची वेळा अमावस्या येण्याआधी ड्रायव्हरला शिक्षा झाली. तपास माझ्याकडे होता. जबाबदार मी दोघांना धरतो: गाडीचा मालक, आणि त्याचे नाव दोषारोपपत्रातून काढायला लावणारे माझे तत्कालीन वरिष्ठ. नावे लिहीत नाही. दोघांनाही वाचता येते.

ती दुपार विसरू म्हटले तरी विसरता येत नाही. पेडगावच्या रस्त्याने माणसे डोक्यावर टोपल्या घेऊन वावरात जेवायला निघाली होती. त्यांत गावच्या शाळेतील एक शिक्षिका होती, हातात ताकातल्या आंबिलीचे मडके. परदेशी स्पोर्ट्स कारने तिला उडवले. पुढे माणसे आणि बैलगाड्या असल्याने गाडीला पळायला वाट नव्हती. आम्ही पोहोचलो तोवर शिक्षिकेला जीपमधून दवाखान्यात नेले होते. वाटेतच ती गेली. गाडीपाशी मालकाचा ड्रायव्हर हात जोडून उभा होता.

"साहेब, गाडी मीच चालवायलो होतो. धडक बसली, लगीच बंद केली अन् उतरलो."

इतकी तयार कबुली आली की मी सावध होतो. रस्त्यावरच्या लोकांनी काहीच पाहिले नाही असे सांगितले. मालकाचे शेत तिथून जवळच होते; तिथून माणूस बोलावून घ्यायला वेळ लागला नसता. शिक्षिकेसोबत असलेल्या तिच्या पतीचा जबाब मात्र निराळा आला.

"हिला गाडीत घ्या म्हणून काच ठोकली, साहेब. लय ठोकली. काळी काच. आत माणूस बसलेला दिसायलता, इंजिन घुरघुर करायलं, पण काच काय खाली येईना. जीप आली, आमी निघालो, तरी गाडी चालूच."

मग खबर मिळाली की मालकाकडे त्याच गाडीच्या दोन पिढ्या आहेत, जुनी आणि नवी. अपघातातली जुनी. मालकाला ठाण्यात बोलावले, चहा मागवला आणि सहज विचारले, "दोन्हींत बरी कोणती हो?"

गृहस्थ खुलले. "नवी कोणीही चालवील. चुकलात तर तीच सावरून घेते. जुनी तशी नाही. पाय दाबला की आधी थंड, मग टर्बो, इंजिनाला जोर देणारा पंखा, जागा होतो अन् एकदम उसळते. तिला माणूस लागतो, साहेब!"

"मग निगाही फार ठेवावी लागत असेल."

"तर! वेगात आली की लगेच बंद करायची नाही. टर्बो लालबुंद तापलेला असतो. थोडा वेळ उभी ठेवून इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बाद होतो. नवी हे आपलं आपण बघते."

मालक गेल्यावर मी ड्रायव्हरला आत घेतले आणि विचारले: जुनी गाडी कशी बंद करायची?

"चावी फिरवायची, साहेब. त्यात काय?"

मालकाने सांगितलेली निगा मी त्याला सांगितली. तो खाली बसला आणि रडू लागला. "जुनीला मला हात बी लावू देत न्हाईत. पण त्यांच्याच वावरात राहतो, साहेब. लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

पोलिसापुढचे हे बोलणे पुरावा ठरत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून पतीचा जबाब आणि मालकाचे स्पष्टीकरण जोडून अहवाल दिला. वरिष्ठांनी 'निव्वळ अनुमान' असा शेरा मारून मालकाचे नाव काढायला लावले. न्यायालयात ड्रायव्हरने गुन्हा पुन्हा स्वतःवर घेतला. पती मागच्या बाकावर बसून होता. निकालानंतर तो मला एवढेच म्हणाला, "गाडीत त्यो न्हवता, साहेब."

या प्रकरणाने मला एक शिकवले. अपघातानंतर माणसाने आधी कोणाला जपले, हे शोधावे. गाडी कोणाच्या हातात होती, ते तिथेच कळते.

मालकसाहेब, रस्ता माणसांनी भरलेला असताना सावरून घेणारी गाडी घरी ठेवून उसळणारी बाहेर काढली, ती निवड तुमची. तिचा जाब कोणी विचारला नाही, म्हणून मी विचारतो. पेडगावच्या पारावर, त्या पतीसमोर उभे राहून सांगा: तो काच ठोकत होता, ती रस्त्यावर श्वास घेत होती, आणि तुम्ही आत बसून टर्बो निवण्याची वाट पाहत होतात. होय की नाही?