तांब्यातला मोबाइल

मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात बोलायला नवरा तेवढा उरला, तेव्हा मी अंबरनाथच्या चित्रकलेच्या क्लासात नाव घातलं. दर रविवारी सकाळी बेलवलीहून रिक्षाने जायचे. क्लास एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरायचा. तिथे बारशी, साखरपुडेही होत, त्यामुळे भिंतीवर कुणाच्या तरी अभिनंदनाची अर्धी अक्षरं कायम चिकटलेली असायची.

आमचे सर केस मागे बांधायचे आणि दर वाक्यात 'फील' म्हणायचे. टेबलावर त्यांनी पितळी तांब्या, दोन कांदे आणि केळी मांडली. हे वस्तुचित्र पेन्सिलीने, छटा देऊन पूर्ण करायचं होतं. घाई करायची नाही, असं सरांनी बजावलं होतं. आम्ही घाई केली नाही आणि पुढच्या रविवारपर्यंत केळी काळी पडली. मी सगळ्यात गडद, सिक्स बी पेन्सिलीने ती काळीच काढली. सर म्हणाले, वास्तवाला जरा आवरा.

शेजारी टक्कल पडलेले एक निवृत्त मॅनेजर बसायचे. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्याकडे परदेशी पेन्सिलींचा लाकडी डबा होता. तास संपला की आमच्या हाताच्या कडा शिशाने काळ्या झालेल्या असत, साहेबांचा हात मात्र पूजेला बसल्यासारखा स्वच्छ. चित्र आपण घरीच पूर्ण करतो, असं ते सांगत.

शेवटी त्याच हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला एक माजी नगरसेवक आले. माझ्या चित्रापुढे थांबून त्यांनी सहानुभूतीने विचारलं, रंग भरायचे राहिले का? मग ते साहेबांच्या चित्राकडे गेले आणि थक्क झाले. तांब्या हुबेहूब होता. त्यात चक्क प्रतिबिंबही दिसत होतं. पहिलं बक्षीस तिथल्या तिथे जाहीर झालं.

मी चष्मा पुसून जवळ गेले. तांब्याच्या पोटात टक्कल पडलेला एक माणूस दोन्ही हातांत मोबाइल धरून उभा होता. म्हणजे साहेबांनी फोटो काढून, मोबाइलवरच त्याचं पेन्सिलचित्र करून, जाड कागदावर छापून आणलं होतं. मी सरांना बाजूला घेऊन ते दाखवलं.

सरांनी वाकून पाहिलं. पाहुणे अजून चहा पीत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हाच तर आजच्या माणसाचा फील आहे."

मी वडा खाल्ला आणि निघाले. साहेब शाल आणि ढाल सांभाळत माझ्या मागोमाग जिना उतरले. मी पाहिलंय हे त्यांना कळलं होतं. आता हे मला दटावणार, असंच मला वाटलं.

"घरी बसवत नाही हो," ते हळूच म्हणाले. "म्हणून येतो. पण तांब्याचं तोंड काही केल्या जमत नाही. दाखवाल का?"

मला खरं तर हसायचं होतं. पण शाल पांघरलेला तो माणूस इतका अवघडून उभा होता की मी खालच्या पायरीवर बसले आणि कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लंबगोल कसा काढायचा ते दाखवलं. मग त्यांनी काढला. तो पाय पडून चेपलेल्या डब्यासारखा दिसत होता. ते पुन्हा काढू लागले. वर त्यांच्या नावाने टाळ्या वाजल्या, बहुधा आभारप्रदर्शन चाललं असावं.

सरांनी पुढच्या बॅचपासून मोबाइलचे स्टँड आणले. क्लास आता तुडुंब भरतो म्हणे. मी तो सोडला. साहेबांनीही सोडला, आणि रविवारी ते आमच्याकडे येतात. वांगं, पाण्याची बाटली, जे मांडेन ते तासभर काढत बसतात. हात कोपरापर्यंत काळे करतात. त्यांची बाटली अजून कलते, आणि मी तसं सांगितलं की चिडतात. मग नवरा चहा ठेवतो.

ते बक्षिसाचं चित्र मात्र त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे. आल्यागेल्याला दाखवतातसुद्धा.