पिनांगहून खलास

बहारीनला गेलो तेव्हा माझ्या मराठीला कुणी बोट लावलेलं मला खपत नसे. मी पुण्याचा, सित्र्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. राजधानी मनामातल्या गुदैबिया वस्तीत दोन खोल्यांत आम्ही चौघं मराठी राहायचो आणि उरलेल्या तिघांचं व्याकरण सुधारणं ही माझी फावल्या वेळची समाजसेवा होती. तिथे जो तो 'खलास' म्हणे. जेवलास? खलास. व्हिसा आला? खलास. अरबीत त्याचा अर्थ झालं, आटपलं, मिटलं. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांना बजावलं की मराठीत खलास म्हणजे माणूस गेला, तेव्हा जेवणाला खलास म्हणू नये. तिघांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या वर्षी पाण्याची टाकी भरली तरी मीच खलास म्हणून ओरडत होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आलेलं नव्हतं.

तिघांतला एक वसईचा, ख्रिस्ती, एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होता. माझं त्याच्याशी सगळ्यांत जास्त पटायचं, कारण तो मधे बोलायचा नाही. ऐंशी सालच्या सुमाराला एकदा तो म्हणाला, "या रजेत घरी जायच्या आधी बँकॉक, पिनांग करू या का? पाठीवर पिशव्या टाकून, गोरी पोरं हिंडतात तसं." मी लगेच हो म्हटलं. मलेशियातलं पिनांगच का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला वाटलं, माझी सोबत हवी असेल.

मनामाच्या बाजारातली सगळ्यांत मोठी सॅक मी घेतली. तीत इस्त्रीचे सात शर्ट, छत्री, मेतकुटाचा डबा, चिवडा आणि उलट्या होतील म्हणून आवळासुपारी. त्याच्याकडे एक छोटी पिशवी. बँकॉकच्या बसमध्ये मी ज्या बाजूला वळे त्या बाजूची माणसं वाकत. एका म्हातारीची टोपली मी दोनदा पाडली, दुसऱ्यांदा माफी मागायला वळताना. जेवणात सगळीकडे मासळीचा वास येई, म्हणून चार दिवस मी भात आणि मेतकूट खाल्लं आणि पाचव्या दिवशी कोह समुई बेटावर बोटीतून उतरताना सॅकसकट पाण्यात पडलो. मेतकूट समुद्राला मिळालं. त्या दुपारी मी मासे खाल्ले आणि दोनदा मागून घेतले.

तिथल्या आमच्या भाड्याच्या झोपडीसमोर मी शर्ट वाळत घातले होते. त्यानंही पिशवी रिकामी केली. दोन शर्ट, टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेली एक जाड मेणबत्ती.

"हुशार आहेस," मी म्हणालो, "वीज नसणार हे तुला ठाऊक होतं." आणि ती उचलायला हात पुढे केला. त्यानं ती काढून घेतली आणि मग सांगितलं.

त्याचे वडील बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. तो सहा वर्षांचा असताना ते पिनांगला आजारी पडून वारले. घरी आली ती नुसती तार. त्यांना पुरलं कुठे, पुरलं की समुद्रातच सोडलं, हे त्याच्या आईला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ही मेणबत्ती मागच्या रजेत तिनं आपल्या चर्चमधून आणून दिली होती. कबर सापडली तर लाव आणि मला लगेच फोन कर, एवढंच तिचं मागणं होतं.

मी पाच दिवस माझ्या पोटाबद्दल बोलत होतो. मला लाज वाटली. पण ती काही फार टिकली नाही, कारण पिनांगच्या गाडीत मी पुन्हा सॅकच्या पट्ट्यांवरून कुरकुर सुरू केली.

कबर सापडली. दफनभूमीच्या रखवालदारानं जुन्या वहीत नाव काढून दिलं आणि कडेच्या रांगेत सिमेंटचा एक बुटका क्रूस दाखवला. त्यावर नंबर तेवढा होता. मित्र खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मेणबत्ती वाऱ्यानं विझत होती, म्हणून मी छत्री धरून उभा राहिलो. साऱ्या प्रवासात माझ्या सामानाचा झालेला उपयोग तो एवढाच.

टेलिफोन ऑफिसात त्याचा आवाज फुटेना. "तूच सांग," तो म्हणाला, "तुला बोलता येतं."

त्याच्या घराशेजारच्या बेकरीत फोन होता. आम्ही पी.पी. कॉल लावला, म्हणजे बेकरीवाल्यानं आईला बोलावून आणायचं. दीड तासानं लागला. पलीकडून धापा टाकत एका बाईचा आवाज आला, "कोण? माझा पोर कुठाय?" लाइनीत खरखर होती. मला वाटलं, काम झालं का म्हणून विचारतायत. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "काकू, मी त्याचा मित्र! पिनांगहून बोलतोय! खलास! सगळं खलास झालं!"

आणि लाइन तुटली.

मी विजयी मुद्रेनं बाहेर आलो. "सांगितलं," म्हटलं.

"काय सांगितलंस?"

"हेच, की खलास झालं म्हणून."

तो बाकावरून उठला. मग हळू आवाजात म्हणाला, "कुठल्या भाषेत?"

पुण्यात पूर्वी एकदा 'ध'चा 'मा' झाला होता. दुसऱ्यांदा तो मी केला. ज्या गावानं तिचा नवरा नेला, त्याच गावाहून मी त्या बाईला मुलगा गेल्याचं कळवलं होतं. पुन्हा लाइन मिळायला तीन तास लागले. त्या तीन तासांत तो माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता. त्याऐवजी त्यानं मला मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

फोन लागला तेव्हा घरी फादर येऊन बसले होते, आळी गोळा झाली होती. तो नुसतं "आई, मी, मी" म्हणत होता. ती बोलायला लागली ती थांबेना. मग तिनं मला फोनवर बोलावलं.

"बाबा," ती म्हणाली, "तू कुठल्या शाळेत शिकलास?"

मी शाळेचं नाव सांगितलं. हा टोमणा आहे हे मला कळलंच नाही. मग तिनं विचारलं, "त्यांच्या कबरीवर क्रूस आहे का रे?"

"आहे, काकू. मेणबत्ती लावली. पूर्ण जळेपर्यंत थांबलो आम्ही."

"बरं," एवढंच म्हणून तिनं फोन बेकरीवाल्याला दिला.

आम्ही परतायच्या आत ही गोष्ट गुदैबियात पोचली होती. इडलीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे मला बघून खलास म्हणत. मित्रानं मात्र माझ्याशी बोलताना तो शब्द सोडून दिला. मी तो वापरला की नुसता हसे.

चार वर्षांनी त्याची आई आजारी पडली. हॉटेलवाल्यांच्या ताब्यातला त्याचा पासपोर्ट सोडवून घ्यायला मी त्याच्याबरोबर गेलो आणि त्याला विमानतळावर पोचवून आलो. त्याला दहाच दिवसांची रजा मिळाली होती. ती वाढवून मिळावी म्हणून त्याच्या मॅनेजरकडे मी रोज खेटे घालत होतो आणि मनातून स्वतःवर खूश होतो. नवव्या दिवशी ऑफिसात त्याचा फोन आला. तो काही बोलायच्या आत मी विचारलं, "काय रे, रजा वाढवल्याचं पत्र पोचलं का? झालं काम?"

"खलास," तो म्हणाला.

"वा! छान झालं," मी म्हटलं. "किती दिवस मिळाले?"

मला वाटलं, लाइन गेली. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"मराठीतलं रे," तो म्हणाला.