केस हरून पेढे वाटणारे मामा

उच्च न्यायालयात केस हरल्यावर गावभर पेढे वाटणारा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. माझी नोकरी आकड्यांची असल्यामुळे 'एकच', 'सगळे', 'कधीच' असले शब्द मी जपून वापरतो. इथे मात्र बिनधास्त वापरतो. मामा लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत लिपिक होते. बढती डावलली म्हणून ते खंडपीठापर्यंत गेले. समोर जे न्यायमूर्ती होते ते मामांच्याच तालुक्यातले. त्यांनी वकिलाला खाली बसवलं आणि मामांना म्हणाले, "तुम्हीच सांगा. मराठीत सांगा." मामा वीस मिनिटं बोलले. मी ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा तरी वीसच होती. पुढे वर्षाला साधारण एक मिनिट वाढत वाढत आता ती चाळिसावर आली आहे. महिनाभराने निकाल लागला, मामा हरले, आणि एस.टी.तून उतरल्या उतरल्या त्यांनी स्टँडवरच पेढ्याचा बॉक्स फोडला. "हरलो, जावईबापू," ते मला म्हणाले, "पर ऐकून घेतलं. सगळंच्या सगळं ऐकून घेतलं." एक्केचाळीस पानांचा तो इंग्रजी निकाल तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्या काखेत असतो. लग्नाला, बारशाला, बाजाराला, सगळीकडे.

त्या दिवसापासून मामांनी दोन्ही बाजू ऐकून घेण्याचं जे व्रत धरलं, त्याने घरचे जेरीला आले. नातींचं मोबाइलवरून भांडण झालं की मामा दोघींचं म्हणणं तासभर ऐकतात आणि निकाल रविवारपर्यंत राखून ठेवतात; तोवर मोबाइल त्यांच्याच खिशात. माझं आणि हिचं एकदा पडद्याच्या रंगावरून वाजलं, तर हे फोनवर कळताच मामा एस.टी. पकडून नांदेडला आले, आम्हाला समोरासमोर बसवून दोघांचं ऐकलं, जेवले, आणि पडद्यांना स्थगिती देऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेले. आमच्या खिडक्यांना अजून जुनेच पडदे आहेत. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टर आणि एक बाई सुट्ट्या पैशांवरून भांडत होते, तिथे मामा मधे पडल्यामुळे गाडी पंचवीस मिनिटं उशिरा सुटली. हे मी घड्याळ बघून सांगतो, कारण त्या गाडीत मी होतो. मामांच्या मुलीसाठी नायगावचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाच्या गल्लीतल्या सात घरांत जाऊन चौकशी केली, आणि ज्या घराशी मुलाकडच्यांचं बोलणं बंद होतं तिथे तर दोनदा गेले. "विरुद्ध पक्ष ऐकल्याबिगर सोयरीक करायची न्हाई," हे त्यांचं धोरण. मुलगा चांगला निघाला. सासऱ्याला मात्र तो अजून वचकून असतो.

निवडणुकीत तर मामा रंगात येतात. प्रचाराला कुणीही आलं की चहा ठेवतात, चष्मा लावतात, म्हणणं पूर्ण ऐकतात आणि मग वहीचं पान उलटून सांगतात, "तुमचं झालं ना? आता समोरचा तुमच्याबद्दल काय म्हणला ते वाचून दाखवतो." असे दोन-चार जण पोळल्यावर कार्यकर्ते त्यांची गल्ली टाळू लागले. यंदा नगराध्यक्षपदाला तीन उमेदवार होते आणि मतदानाला आठ दिवस उरले होते, तेव्हा सकाळी बातमी आली की न्यायमूर्ती गेले.

मी सुट्टीनिमित्त मामांकडेच होतो. मामा पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर गप्प बसले. गाव मात्र गप्प बसलं नाही. दहाच्या आत तिन्ही उमेदवारांच्या प्रतिक्रिया मोबाइलवर येऊन पडल्या. पहिले म्हणाले, न्यायमूर्ती आमच्याच विचारांचे होते. दुसरे म्हणाले, त्यांच्या आमच्या घराचे तीन पिढ्यांचे संबंध. तिसऱ्यांनी चौकाला न्यायमूर्तींचं नाव देण्याचं जाहीर करून, पहिल्या दोघांनी आजवर हे का केलं नाही असा जाब विचारला. दुपारी एकपर्यंत चौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले. मी मोजायला गेलो. न्यायमूर्तींचा फोटो दीड फूट, उमेदवाराचा साडेपाच. आणि प्रचाराचाच फोटो वापरल्यामुळे तिघेही दुःखद निधनावर हात जोडून प्रसन्न हसत होते. आचारसंहितेसाठी निशाणीवर चिकटपट्टी लावली होती, पण पट्टी अशी पातळ की निशाणी आधीपेक्षा उठून दिसत होती. शोकसभा तीन, वेळ एकच, संध्याकाळी पाच.

तिघांनाही एकच गोष्ट हवी होती: स्टेजवर अक्का. अक्का म्हणजे न्यायमूर्तींची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. स्टँडच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहतात. अंत्यविधी न्यायमूर्ती राहत होते त्या शहरातच होता आणि गुडघ्यांमुळे त्यांना जाता आलं नव्हतं. ज्याच्या स्टेजवर अक्का, त्याचे न्यायमूर्ती, असा साधा हिशेब होता. अक्कांनी तिघांनाही दारातून परत पाठवलं, म्हणून तिघेही पाठोपाठ मामांकडे आले, कारण अक्का गावात ऐकतील तर मामांचंच.

मामांनी तिघांना एकाच ओट्यावर बसवलं. "एकेकानं बोलायचं. मधे कुणी तोंड घालायचं न्हाई."

"मामा, दहाच मिनिटं," पहिले म्हणाले. "गादीची खुर्ची ठिवतो. गाडी दारात आणतो. साहेब आमच्याच विचाराचे होते."

"पुरावा?"

"मनातून होते हो."

"मनातलं चालत न्हाई. बसा."

दुसऱ्यांनी तीन पिढ्यांचे संबंध सांगितले. मामांनी अक्कांचं नाव विचारलं. ते शेजारच्याकडे बघायला लागले.

"चौक तर मीच देऊन राहिलो ना," तिसरे म्हणाले.

"आन् त्यासाठी साहेब मरायची वाट बघून राहिलते का?"

पहिले दोघे हसले, तसे तिसरे उसळले, आणि मग पंधरा मिनिटं ओट्यावर जे झालं ते लिहून घेता घेता मामांच्या वहीची पानं संपली. शेवटी पहिल्यांनी घड्याळ दाखवलं. "मामा, साडेतीन झाले. अक्का कोणाकडं येणार ते सांगा."

"तुमच्या तीन बाजू ऐकल्या," मामा चप्पल घालत म्हणाले. "जिचा भाऊ गेला तिची ऐकायची राहिली. जावईबापू, स्कूटर काढा." तिघेही मागे निघाले, तसं मामांनी हातानेच त्यांना खाली बसवलं, आणि ते बसले.

अक्का पलंगावर भिंतीला टेकून होत्या. डोळे कोरडे. मामांनी निरोप सांगितला, तिघांचाही, एक शब्द न गाळता. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मी कुठंच येत न्हाई," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं जो येऊन राहिला तो म्हणतो देवमाणूस गेला. आरं, मी त्याला कडेवर घेऊन हिंडलेली हाय. देवमाणसासाठी रडायचं कसं, ते मला येईना झालंय. त्याचं एखादं चुकलेलं सांग, बाबा. तुझ्यापाशी असंल तर."

 मामांनी पिशवीतून निकाल काढला, सव्विसावं पान उघडलं आणि अक्कांच्या हातात दिलं.

"इथं चुकले साहेब. माझी नोकरी नऊ वर्षं धरली. झाली होती धा. बढतीला धा लागायची."

मला ते पेढे खाता खाता, पहिल्याच वाचनात दिसलं होतं. दोन तारखा वरच्या ओळीत, वजाबाकी खालच्या ओळीत, आणि उत्तरात एक वर्ष कमी. मामांचा आनंद बघून मी इतकी वर्षं तोंड उघडलं नव्हतं. मामांनाही ते ठाऊक असेल, असं माझ्या मनात कधी आलंच नाही.

"मग बोलला का न्हाईस?" अक्कांनी विचारलं.

"वकील म्हणले, फेरविचाराचा अर्ज टाकू. मी न्हाई म्हणलं. माझं एवढं ऐकून घेतलेलं, त्या माणसाला कोर्टात चुकला म्हणायचं जिवावर आलं, अक्का."

अक्कांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्या नऊच्या आकड्याखाली बोट ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"वजाबाकी," त्या म्हणाल्या. "चौथीत बी नको तिथं हातचा घ्यायचा. मास्तर मला माझ्या वर्गातून बोलवायचे, ये, तुझ्या भावाचा हातचा बघ म्हणून." हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग मात्र त्या रडल्या, मोठ्याने, थोरल्या बहिणीने धाकट्यासाठी रडावं तशा. मामांनी चष्मा काढून हातात धरला. मी दाराकडे बघत उभा राहिलो.

सावरल्यावर त्यांनी पानं मामांकडे परत दिली. "हे सगळं त्यानंच लिवलंय ना? पहिल्यापासून वाच."

"इंग्रजी हाय, अक्का."

"असू दे. शब्द तर त्याचे हायत."

मामा पहिल्या पानापासून वाचू लागले. एक ओळ इंग्रजीत, मग तिचं मराठी. बाहेरून प्रचाराची रिक्षा आली. आज सायंकाळी ठीक पाच वाजता, न्यायमूर्तींना अभिवादन करण्यासाठी, बहुसंख्येने उपस्थित राहा. मामा थांबले. कर्ण्याचा आवाज स्टँडच्या पलीकडे गेला तेव्हा अक्का डोळे मिटून होत्या. झोप लागली असेल असं वाटून मामांनी हलकेच पान मिटलं.

"मिटू नको," अक्का म्हणाल्या. "मी ऐकून राहिले."