डावा कान

तोफकाका काही जन्मापासून तोफ नव्हते. फौजेत तोफेपाशी राहून राहून डावा कान गेला, आणि कान गेलेल्या माणसाचा आवाज चढतो तसा त्यांचाही चढला. फौजेतून परत येऊन लेथवर कामाला लागले, तर कारखान्यातल्यांनी पहिल्याच आठवड्यात हे नाव ठेवलं. भोंगा बिघडला की सुट्टी झाल्याचं सांगायला यांनाच दारात उभं करायचे म्हणे.

काकू मात्र मऊ बोलायच्या. ‘बायको असावी तर अशी, कधी वर आवाज नाही,’ असं काका गल्लीभर सांगत. खरी गोष्ट अशी, की राग आला की काकू त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहत. तिथून सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला की शांतपणे उजवीकडे येत आणि विचारत, ‘चहा टाकू?’

पुढे लढाई लागली. जुन्या गोलंदाजांनी पुन्हा भरतीला यावं, असं रेडिओवर सांगू लागले. काकांनी त्याच दिवशी बुटांना पॉलिश केलं. काकू काही बोलल्या नाहीत. उजवीकडूनही नाही, डावीकडूनही नाही. त्यांची सगळी भिस्त त्या कानावर होती. भरतीचा डॉक्टर पाठीमागे उभा राहतो, एक कान दाबून धरायला लावतो आणि दुसऱ्या कानाशी हळूच एक शब्द पुटपुटतो. तो आपण परत म्हणायचा. याच परीक्षेत नापास होऊन काका मागे घरी आले होते. गेलेला कान काय लढाई लागली म्हणून परत येतो?

भरती एका शाळेत होती. काका आत गेले, काकू बाहेर बाकावर बसल्या. शेजारी एक नळदुरुस्तीवाला होता. तोही जुना फौजी, पण पोट सुटलेलं. ते आत ओढून धरायचा त्याचा सराव चालला होता.

आतून उजव्या कानाचा शब्द काही बाहेर आला नाही. काकांचं उत्तर तेवढं आलं, ‘कुलूप!’ मग सगळं शांत झालं. काकूंनी घरी जायच्या तयारीनं पिशवी उचलली. तेवढ्यात डॉक्टरची कुजबुज आली. दारातून आली, खिडकीतून आली, छपरावरचे कावळे उडाले.

‘बादली!’

‘बादली!’ काका म्हणाले.

बाकावरचा नळवालाही नकळत ‘बादली’ म्हणून गेला. मग काकूंकडे वळला. ‘वहिनी, मागच्या वेळी हाच डॉक्टर माझ्या कानाशी डासासारखा गुणगुणला होता. माणसं कमी पडली की त्यालाही कंठ फुटतो.’

काकूंनी पिशवी परत खाली ठेवली.

निघायच्या सकाळी काका खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. काकू डाव्या बाजूला गेल्या आणि पुष्कळ बोलल्या. डॉक्टरला, सरकारला, यांच्या हट्टाला, कोणालाच सोडलं नाही. काका नाडीवरून नजर न काढता म्हणाले, ‘झालं का? ऐकू काही येत नाही, पण तू डावीकडे गेलीस की मी गप्प बसतो. इतक्या वर्षांत तेवढं कळतं मला. आता इकडे ये, काय ते सांग.’

काकू उजवीकडे आल्या. ‘डबा पिशवीत वरच ठेवलाय,’ एवढंच म्हणाल्या.

मैदानात ट्रक उभा होता. काका चढून बसले. त्यांच्या डाव्या अंगाला नेमका नळवाला आला. गडी पोटासकट पास झाला होता. ट्रक सुरू झाला, तशा ज्यांचा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता त्या काकू फळीला धरून ओरडल्या, ‘भाऊ, तिकडून उठा. यांच्या उजवीकडे बसा. खाली वाका म्हणालात, तर ते तिकडूनच ऐकू येईल यांना.’

नळवाला उठला, काकांच्या गुडघ्यांवरून पलीकडे गेला आणि पोट आवरून बसला. शेजारीच हवालदार उभा होता. पण त्या दिवशी त्याचाही एक कान गेलेला असावा.